बोर्डावरची खालची ओळ

“आप्पासाहेब आले की कुणी तोंड उघडायचं नाही!” मृण्मयीनं बजावलं.

“चिन्मयला सांग. त्याच्या पोटात काही राहतं का?” फरहान म्हणाला.

एरवी चिन्मय यावर भांडला असता. पण जन्नत गेल्यापासून फरहान आज पहिल्यांदा चेष्टेनं बोलला होता. चिन्मय नुसता हसला.

जन्नत ही फरहानची सात वर्षांची बहीण. त्या दुष्काळी उन्हाळ्यात शहराबाहेरच्या त्यांच्या नव्या वसाहतीत नळ कोरडे पडले होते. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. फाटकाजवळच्या टाकीत मात्र बांधकामाचं पाणी असायचं. टँकर चुकला त्या दिवशी फरहानच्या अम्मीनं, गौहरचाचींनी, तिथून घागर भरली. जन्नत ते पाणी प्यायली. पुढं कावीळ झाली, आणि सुट्टी लागायच्या आधीच ती गेली.

वसाहतीचे अध्यक्ष आप्पासाहेब भर बैठकीत म्हणाले, “टाकीवर बोर्ड लावलाय. आईनं वाचला नाही, त्याला आम्ही काय करणार?”

तेव्हापासून चाची घराबाहेर पडल्या नव्हत्या. “दसवी पास हूँ मैं. मेरेकू कैसे नहीं दिखा?” एवढंच त्या विचारत.

त्या बैठकीनंतर तिघं मित्र टाकीवर गेले होते. बोर्ड म्हणजे घरं विकायची जुनी जाहिरात होती! ग्लास धरून हसणारं गुबगुबीत बाळ, आणि त्याच्या पायाशी मागाहून रंगवलेली बारीक ओळ : ‘हे पाणी पिण्यास अयोग्य.’

“मी रोज इथून जाते,” मृण्मयी पुटपुटली. “मला तरी कुठं दिसली ही?”

तिची मनस्विनी मावशी एका प्रयोगशाळेत काम करायची. तिथं पडद्याखालचा छोटा कॅमेरा बघणाऱ्याचे डोळे टिपायचा आणि चित्रावर नजर कुठं थांबली तिथं गोल काढायचा. जितका जास्त वेळ, तितका मोठा गोल! तिघांनी मावशीला गळ घातली. चार दिवसांत वसाहतीतले तीस जण येऊन चित्रं बघून गेले. त्यांत बोर्डाचाही फोटो होता. जवळजवळ सगळे गोल बाळाच्या चेहऱ्यावर नि ग्लासवर! खालच्या ओळीवर त्या तीस जणांपैकी फक्त तिघांची नजर थांबली होती.

“आप्पासाहेब मानायचे नाहीत,” फरहान म्हणाला होता. म्हणून तर आजचा बेत होता.

आप्पासाहेब प्रयोगशाळेत आले, पडद्यासमोर ऐटीत बसले आणि दहा चित्रं बघून उठले. “झालं? बोर्ड तर अगदी स्पष्ट आहे!”

“खालची ओळ वाचलीत?” चिन्मयनं विचारलं.

“अरे, मीच लिहून घेतलीय ती!”

मृण्मयीनं तो फोटो पुन्हा लावला. त्यांना दाखवलेल्या या फोटोत जुन्या ओळीच्या जागी, तेवढ्याच बारीक अक्षरांत, चिन्मयनं संगणकावर लिहून ठेवलं होतं : ‘आप्पासाहेब, हे वाचलंत तर हात वर करा.’

आप्पासाहेबांचे गोल बाळाच्या गालांवर होते. ओळीवर एकही नव्हता. ते हळूच खाली बसले. “त्या माउलीला मी काय बोललो रे!”

संध्याकाळी मावशीनं सगळ्यांच्या गोलांचा कागद चाचींना दाखवला. “बघा, तीस जणांत तिघांनाच दिसलं. तुमचा दोष नाही.”

चाचींनी कागदावरून हात फिरवला. “सही है,” त्या म्हणाल्या. “मगर मैं तो माँ थी ना.”



तिसऱ्या दिवशी टाकीवर नवा बोर्ड लागला. त्यावर चित्र नव्हतंच. हातभर लाल अक्षरांत ‘पिऊ नका!’ मराठीत आणि उर्दूत. आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले. “चूक आईची नव्हती, माझी होती. मोठ्यांना सुचलं नाही ते या पोरांनी दाखवलं. शाब्बास!” टाळ्या वाजल्या. मृण्मयी आणि चिन्मय मान खाली घालून उभे राहिले.

फरहान टाळ्या संपेपर्यंत थांबलाच नाही. तो घरी पळाला. अम्मी खाटेवर बसली होती.

“बोर्ड लगा?”

“हो अम्मी. रस्त्यावरून दिसतो.”

“छोटे बच्चों को भी पढ़ने आएगा?”

“पहिलीतलं पोरगंसुद्धा वाचेल.”

ती जराशी सरकली. फरहान तिच्या शेजारी बसला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदाच मोठमोठ्यानं रडला.