एका हाकेला ओ

येलहंक्यात त्या रात्री दिवे गेले आणि पोरं कृष्णाजीअण्णांच्या ओट्यावर येऊन बसली. पोरं कसली, दाढी फुटलेली, कारखान्यात लागलेली. पण अंधार पडला की सगळी पोरंच.

"अण्णा, भुताची सांगा. खरी हं. मागच्यासारखी थाप नको," हरी म्हणाला.

"थापा तुझा बाप मारायचा, लग्नाआधी. ही विठोजीची गोष्ट आहे. माझा शेजारी होता. त्याच्या घरचं मीठ खाल्लंय मी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

पोरं हसली. मग अण्णांनी सांगितलं ते असं.

अठ्ठावन्न साल. कार्तिकातली अमावास्या, बुधवार. बसवनगुडीच्या सोमवारच्या जत्रेतून आणलेली भाजक्या शेंगांची पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवून विठोजी संध्याकाळचा तळ्यापलीकडच्या आपल्या गावी निघाला होता. शेंगा अक्काला द्यायच्या होत्या. दरवर्षी द्यायचा.

विठोजी अबकारी खात्यात जमादार. चोरून दारू गाळणाऱ्यांना धरायचं, त्यांची मडकी फोडायची, हे त्याचं काम. आणि सरकारला दुसरी जागा सुचली नाही, त्याला नेमलं त्याच्याच गावावर. जिथं उघडानागडा हिंडला तिथं शिट्टी घेऊन हिंडायचं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, सकवारबाई. आई मेली तेव्हा हा रांगत होता. अक्कानं कडेवर घेतला तो मिसरूड फुटेपर्यंत खाली ठेवला नाही. तिचा नवरा गेला, दिरांनी हाकलली, तरी तिनं भावाला शिकवला. कशाच्या जोरावर? गुळाच्या आणि बाभळीच्या सालीच्या. करंजाच्या बनात, पडक्या विहिरीजवळ तिचं मडकं लागायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. विठोजीलाही होतं. फक्त ते त्यानं स्वतःला सांगितलं नव्हतं.

चहाच्या दुकानात मल्लाप्पा त्याला ऐकवायचा, "काय जमादार, आमची मडकी फोडलीत. घरच्या मडक्याला मात्र हळदकुंकू?"

एकदा विठोजी तिला म्हणाला होता, "अक्का, सोड आता हे. माझ्या कमरेला सरकारचा पट्टा आहे."

"पट्टा? कुणाच्या जिवावर चढला तो कमरेला, विचार त्यालाच. ये, धर मला. बेडी आणलीस, का बहिणीला सुतळी पुरेल?"

त्यानं टोपी काढून जमिनीवर आपटली. मग तीच शेंगा घेऊन बसली. फोडायची, दाण्यावरची लाल साल चोळायची, फू करून उडवायची आणि पांढरे दाणे त्याच्या टोपीत टाकायची. लहानपणापासूनची रीत. आता टोपी सरकारी होती, एवढंच.

"खा. रागावलेला माणूस अर्धा उपाशी असतो."

अशी अक्का.

आणि तिची एक शिकवण होती. विठू पोर असताना ती तिन्हीसांजेला त्याला घरी बोलवायची ते तीन हाका मारून. विठू... विठू... विठू... "अंधारात एका हाकेला ओ दिलीस तर तंगडी मोडीन. माणूस तीनदा हाक मारतो. भुताला एकदाच जमतं." त्यानंही जन्मभर तिला दारातून हाक मारली ती तीनदाच.

तर त्या बुधवारी गावाच्या तोंडाशी जीप उभी. नवा इन्स्पेक्टर. त्याला विठोजीच्या घरचं काही माहीत नव्हतं.

"जमादार, बरे भेटलात. करंजाच्या बनात आज मडकं लागतंय. खबर पक्की आहे. वाट तुम्ही दाखवा."

विठोजीनं सायकल जीपला टेकवली, पिशवी काढून खांद्याला घेतली. "स्वल्प, जरा घरी जाऊन येतो, साहेब."

"सरी, जा. पण लवकर."

तो धावत गेला. दाराला कुलूप. अक्का केव्हाच बनात गेली होती.

शेंगांची पिशवी खांद्याला तशीच. मागं साहेब आणि चार शिपाई. पुढं काळोख. तळ्याचा बांध उतरल्यावर विठोजी म्हणाला, "साहेब, तुम्ही इथं थांबा. मी पुढं होऊन बघतो." त्याला एवढंच हवं होतं. दोन पावलं आधी पोचायचं. अक्काला म्हणायचं, पळ.

बनात जाळ दिसला. जाळापुढं तिची पाठ. पदर खोचलेला. एकटीच.

मोठ्यानं हाक मारली तर साहेबाला कळणार. त्यानं आवाज दाबला.

"अक्का..."

ती ताठ झाली. वळली नाही.

विठोजीनं दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. खांद्यावर हात पडला. साहेब थांबलेच नव्हते. अगदी मागं होते. कानाशी म्हणाले, "श्श..."

हाक घशातच राहिली.

एकच गेली.

अक्का वाट बघत होती. दुसरीची. ती आली नाही. तेव्हा ती थुंकली आणि अंधाराला म्हणाली, "माझ्या विठूचा आवाज चोरून आणतोस, मुडद्या? माझा विठू तीनदा हाक मारतो."

आणि पळाली. आवाजापासून लांब. विहिरीच्या अंगाला. त्या विहिरीला कठडा नव्हता.

पाण्याचा आवाज झाला.

मग विठोजी हाका मारत सुटला. किती मारल्या, कुणी मोजल्या नाहीत. ओ आली नाही.

उजाडल्यावर तिला वर काढली. साहेब बिचारे सुन्न. विठोजीनं पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. टोपी कुणी मागितली नाही, ती राहिली. तो अक्काच्या घरात राहायला गेला. शेंगांची पिशवी खुंटीला टांगली, वर टोपी अडकवली. कृष्णाजीअण्णा एकदा भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "अरे, मुंग्या लागतील, वाटून तरी टाक." विठोजीनं त्यांच्याकडं असं बघितलं, की पुन्हा विषय काढला नाही.

पुढची अमावास्या. मार्गशीर्षातली, शुक्रवार. थंडी अशी, की गावातलं कुत्रंही गप्प.

विठोजी जागाच होता. झोप कुठली त्याला?

दाराबाहेरून आवाज आला.

"विठू..."

तो उठून बसला. तोच आवाज. शेवटी जरासा चढणारा.

तो थांबला. दुसऱ्या हाकेसाठी. श्वास धरून.

काही नाही...

"अक्का," तो रडत म्हणाला, "अजून दोनदा मार गं. दोनदाच."

काही नाही...

तिला आता एकदाच जमत होतं. आणि त्याला कळलं. त्या रात्री आपणही तिला एकच दिली. ती एकीला थांबली नाही. आज आपणही ओ दिली नाही, तर ती बाहेर उभी राहील. थंडीत. ओल्या लुगड्यात.

तंगडी मोडायला ती होती कुठं?

"ओ," विठोजी म्हणाला. "आलो गं."

दार उघडलं. कुणी नव्हतं. पायरी ओली. गुळाचा आंबूस वास.

तो उंबऱ्यावर बसला. अंधाराला म्हणाला, "अक्का, तो मीच होतो गं. चोर नव्हता. मीच होतो."

दार त्यानं उघडंच ठेवलं.

मग मागं... घरात...

टक्.

शेंग फुटल्याचा आवाज.

त्यानं उंबरा धरून ठेवला. वळला नाही. वळलं तर थांबेल.

टक्...

टक्...

आणि मधेच, हळूच... फू.

तो तसाच बसला. बाहेर तोंड करून. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात हलवला नाही.

सकाळी कृष्णाजीअण्णा तळ्यापलीकडून दूध घेऊन आले. विठोजी उंबऱ्यावर, डोळे उघडे, अंग गार, पण जिवंत. शेजारी त्याची सरकारी टोपी उताणी. काठोकाठ पांढरे दाणे. एकावरही साल नाही.

"विठोजी, तू सोललेस?"

त्यानं मान हलवली. नाही.

अण्णा आत गेले. पिशवी खुंटीवर होती तशीच. गाठ विठोजीचीच, मुंगी शिरणार नाही अशी करकचून मारलेली. त्यांना ती दातांनी सोडवावी लागली.

आत नुसती टरफलं. ओली.