दारातलं आडवं लाकूड

गोराईत स्वतःसाठी बांधत असलेल्या लाकडी घराची जमीन घालून झाली होती. ती बघायला गार्गी गेली, एवढंच निमित्त. कडेवर रांगत्या वयाचा अनय. नवरा, यज्ञेश, जेट्टीवर सामान उतरवून घ्यायला थांबलेला.

फळ्या सागवानी, वाकोल्यात पाडलेल्या एका जुन्या घरातून आणलेल्या. भिंती जिथे उभ्या राहणार, तिथे त्यांच्यावर सीताराम सुतारांनी जाड आडवी लाकडं ठोकली होती. ती आधी अखंड घालायची, मग दाराच्या जागी कापून वाट मोकळी करायची, अशी त्यांची पद्धत. लहान खोलीचं दार तेवढं राहिलं होतं. त्यांनी करवत उचलली, तशी गार्गी म्हणाली,

"काका, हे राहू द्या ना. हा रांगतो. आडवं काही असलं की बाहेर तरी यायचा नाही."

"वैनी, दिवेलागणीच्या आत दार मोकळां करूक होया."

"का पण?"

"माका काय म्हायत? बापूस करी, म्हणान मी करतंय."

बाळाच्या शिंकेचंही कारण मोबाइलवर शोधणारी गार्गी. तिला हे काही कारण वाटेना. काका खांदे उडवून विहिरीवर हातपाय धुवायला गेले. जाता जाता त्यांनी दिवा लावला.

भिंती नव्हत्याच. चारी बाजूंनी मोकळं, तरी त्या खोलीतली हवा कोंदट. भुशाच्या वासाखाली आंबलेल्या दुधाचा वास. तिने आधी स्वतःचीच ओढणी हुंगून पाहिली. वास तिचा नव्हता.

अनय खांद्यावर झोपून गेला होता. आणि फळ्यांवर आवाज आला... थप. थप. रांगणाऱ्या तळव्यांचा.

'झोप पुरत नाहीये तुला, बाई,' तिने स्वतःला बजावलं.

आवाज दारातल्या लाकडापर्यंत आला. थांबला. वळून दुसऱ्या कडेला गेला. तिथल्या लाकडाशीही थांबला. भिंती नसलेल्या खोलीत काहीतरी वाट शोधत होतं. मग एक हुंदका आला, रडून रडून दमलेला. तो ऐकून गार्गीच्या छातीत दूध दाटलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

काका विहिरीवरून परतले, तशी ती म्हणाली, "काका... कापा ते."

"आता? दिवो लागलो, वैनी..."

"कापा ना... आत्ताच्या आत्ता!"

करवत चालली. तुकडा सुटला. तिच्या घोट्याला काहीतरी गार घासून गेलं.

मालाडच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे सपाट टाइल्स आहेत, कुठे उंबरा नाही. तरी अनय हल्ली प्रत्येक दारात थांबतो, गुडघा उंच उचलून काहीतरी ओलांडतो. "कसला झकास करतो बघ ना!" म्हणत यज्ञेश व्हिडिओ काढतो.

ओलांडण्याचं गार्गीला काही वाटत नाही. पण नंतर तो मागे वळतो, रिकाम्या दाराकडे हात पुढे करतो, थांबतो... आणि कुणी आल्यासारखा हसून पुढे रांगू लागतो. तो पोटभर प्यायलेला असला तरी, नेमकं तेव्हाच, गार्गीच्या छातीत पुन्हा दूध दाटून येतं.