पंचविसावा कंदील

नाट्यगृहाच्या कार्यशाळेत संग्रहालयाच्या साहेबांनी लाकडी पेटी उघडली, फडकं बाजूला केलं आणि त्यांचा चेहरा पडला. पेटीत बोटीवरचा शंभर वर्षांचा लोखंडी कंदील असायला हवा होता. होता प्लास्टिकचा.

तासाभरात बाई तिथे पोचल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. सोबत त्यांचे दीर, भाऊजी. भाऊजी मन लावून ऐकत, पण गोष्ट त्यांच्या डोक्यात जरा सावकाश उतरे.

बाईंना बोलावलं होतं रंगाऱ्याने.

"व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं," तो म्हणाला. "बाराला पोलीस येणार. तीस वर्षं या हातांवर जगलोय, बाई. एकदा नाव खराब झालं की कुठलं थिएटर मला दारात उभं करील?"

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"तुमच्यावरच संशय का?" बाईंनी विचारलं.

"नाटकासाठी स्वस्तातले प्लास्टिकचे कंदील आणले, त्याच घाटाचे. त्यांना म्हातारं करायचं काम माझं. खरा कंदील नमुना म्हणून इथे ठेवला होता. संग्रहालयाने तो घासूनपुसून इतका लख्ख ठेवलेला, की माझेच जास्त जुने दिसायला लागले!"

"म्हातारं कसं करता? दाखवा बघू."

रंगाऱ्याने पेटीतला कंदील उचलला आणि कडीने तारेवर अडकवला. कुंचली पातळ तपकिरी रंगात बुडवून टोपणाच्या कडेला टेकवली. थेंब जड झाला, निसटला आणि बारीक होत खाली ओघळला. प्लास्टिकवर क्षणात गंज उतरला.

"मी काही करत नाही, रंगच वाट काढतो," तो म्हणाला. "नुसत्या पाण्याने धुतलं तर निघूनही जातो."

"आज स्टेजवर गेला होतात?"

"सकाळपासून व्यवस्थापक तिथे पाऊल टाकू देत नाहीत!"

वायरमन पलीकडच्याच टेबलाशी होता.

"काका चोर नाहीत," तो आपणहून म्हणाला. "पण या कार्यशाळेत काल आम्ही तिघंच येत-जात होतो. मी, काका आणि व्यवस्थापक."

"तुमचं काम काय?"

"ज्योत लावायची." त्याने तोच कंदील घेतला, टेबलावरच्या लाकडी खाचेत डोकं खाली करून बसवला आणि बुडाचं झाकण काढलं. "सेल इथे. बल्बात चिप असते, ती उजेड कमीजास्त करते. भोवती नारिंगी कागद. लांबून खरी ज्योत वाटते."

"सगळे असेच उलटे?"

"झाकण बुडाला आहे ना, बाई. मी काय त्यांना शीर्षासन शिकवतोय?" तो हसला. "खेळ संपला की माझ्याच गाडीतून गोदामात नेतो. एवढाच माझा संबंध."

व्यवस्थापक घाईत होते. "फाटकावर प्रत्येक पिशवी तपासतात. काल कंदील काही बाहेर गेला नाही. इथेच कुठेतरी दडवलाय त्या रंगाऱ्याने!"

"तुम्हाला वायरिंग येतं?"

"येतं की! इथे वायरमन म्हणूनच लागलो होतो. म्हणून मी चोर?"

"प्लास्टिकचे कंदील किती आणले होते?"

"चोवीस. एकही जादा नाही. सकाळी मीच स्टेजवर टांगले."

"भाऊजी, जरा मोजून या."

भाऊजी मोजून आले. "चोवीस, वहिनी. सगळे पेटलेत, छान फडफडतायत. हिशेब बरोबर आहे."

"बरोबर? मग पेटीतला कुठून आला?"

भाऊजी पुन्हा बोटांवर मोजू लागले.

पावणेबाराला बाईंनी चौघांनाही स्टेजवर बोलावलं. डोक्यावर कंदिलांची रांग लुकलुकत होती.

"आणले चोवीस. वर चोवीस आणि पेटीत एक, म्हणजे झाले पंचवीस," बाई वर्गात सांगतात तसं सावकाश म्हणाल्या. "जादाचा एक आला कुठून? खरा कंदील वर टांगलेला आहे. लख्ख होता, म्हणून त्याला म्हातारं केलं. पेटणारा हवा, म्हणून आत दिवा बसवला."

"म्हणजे रंगारीच!" व्यवस्थापक ओरडले.

"थांबा. भाऊजी, पाणी कुठे वाहतं?"

"खाली."

"मग प्रत्येक कंदिलाचे ओघळ बघा."

भाऊजी मान वर करून चालू लागले. सतराव्याखाली थांबले.

"वहिनी! याचे वर चढलेत! टोपणाकडे बारीक होत गेलेत!"

बाईंनी विंगेतली लांब काठी घेऊन शेजारच्या कंदिलावर टकटक केलं. ठप्. सतराव्यावर केलं. टण्ण!

संग्रहालयाचे साहेब लगबगीने त्याच्याखाली येऊन उभे राहिले.

"रंगारी कंदील कडीने टांगून रंगवतो, त्याचे ओघळ सुलटेच येणार," बाई म्हणाल्या. "दिवा व्यवस्थापकही बसवू शकले असते. पण हा रंगला, सुकला तो डोक्यावर उभा राहून. असा कंदील उभा करायची खाच इथे एकाच टेबलावर आहे. त्या माणसाने सेल बसवले आणि हाताच्या सवयीने तिथेच रंगही ओतला. खेळानंतर कंदील गोदामात नेणाराही तोच."

वायरमनने मान खाली घातली.

"जन्मभर खोट्या ज्योती लावल्या, बाई," तो हळूच म्हणाला. "एकदा घरी नेऊन हा रॉकेल घालून पेटवायचा होता. तिथे नुसता काचेच्या कपाटात पडून असतो."

"आणि मी आत गेलो असतो तर?" रंगाऱ्याने विचारलं.

"काकांवर येईल असं वाटलं नव्हतं..."

"आल्यावर तरी बोलला असतास. सकाळपासून समोर बसलायस."

व्यवस्थापक घसा साफ करत पुढे आले आणि रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवत पुटपुटले, "झालं गेलं विसरून जा."

रंगाऱ्याने तो हात अलगद बाजूला केला.

"कानात नको, साहेब. चोर म्हणालात तेव्हा सगळी मंडळी जमवली होतीत. आताही जमवा."

व्यवस्थापकांनी बाईंकडे पाहिलं. मग ते विंगेकडे गेले आणि एकेकाला हाका मारू लागले.