शेवटच्या ओळीतलं नाव

प्राध्यापक रविंद्र मालगुजारांच्या, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदारांच्या घराण्यातले, आणि त्या घराण्याचा त्यांना कोण अभिमान. जुन्या कवितेतल्या दुष्काळ-उन्हाळ्यांवरचं त्यांचं पुस्तक छापायला जाणार होतं. मे महिन्यातली नागपूरची दुपार. पडदे ओढून, कूलरसमोर बसून ते शेवटचं प्रूफ तपासत होते.

पुस्तकातली सगळ्यात जळजळीत कविता खापरखेड्याच्या तुळसाबाईंनी जपलेल्या वहीतली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी पाऊस फिरकलाच नाही, तेव्हा मालगुजारानं विहिरीला कुलूप घातलं आणि गोपिका नावाच्या बाईचं लेकरू तहानेनं गेलं. तिनं ही कविता रचली, आणि जुन्या रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफलं: ‘गोपी म्हणे मालका, तहान तुझ्या दारी येईल.’

वही देताना तुळसाबाई एवढंच बोलल्या होत्या, "तिचं नाव तेवढं राहू द्या जी. दुसरं काही उरलं नाही तिचं."

तो मालगुजार म्हणजे रविंद्रांचे पणजोबा. मग काय करावं या विद्वानानं? शेवटची ओळच बदलली, आणि कवी म्हणून चक्क पणजोबांचं नाव गुंफलं. लाज कशी ती वाटली नाही.

कूलरमधल्या वाळ्याचा वास एकाएकी गेला. तापलेल्या मातीचा वास आला. कुठंतरी कोरडा रहाट करकरू लागला.

"बाबा, मले पाणी..." आतून त्यांची आठ वर्षांची मुलगी भूमिका म्हणाली. "ते बाई देऊन नाही राहिली..."

"कोणती बाई वं?"

"माठाजवळ बसली ते..."

माठाजवळ कुणी नव्हतं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ ठणठणीत कोरडा होता. नळातून नुसती गरम हवा आली.

रविंद्र परत प्रूफाशी आले. त्यांनी लाल पेनानं पणजोबांचं नाव खोडून ‘गोपी’ लिहिलं. रहाट थांबला. नळ फुरफुरला. पोर पोटभर पाणी प्यायली आणि झोपली.

संध्याकाळी भीती ओसरली आणि घराणं पुन्हा आठवलं. ऊन डोक्यात गेलं असेल, दुसरं काय, असं म्हणत त्यांनी ‘गोपी’वर काट मारली.

आत घटघट आवाज सुरू झाला. भूमिका ग्लास तोंडाला लावून पीत होती, पीतच होती. ग्लास भरलेलाच होता.

"बाबा... आत जाऊन नाही राहिलं..." तिचे ओठ फुटले होते.

रविंद्र टेबलाकडे धावले. पेन कागदावर कोरडंच फिरलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. घरातली सगळी शाई आटली होती, आणि आतली घटघट काही थांबत नव्हती.