ब्रेकला लावलेलं तेल

ब्रेक करकरतोय म्हणून मी चेनीबरोबर त्याला पण तेल लावलं. सायकल कशी गप पळायला लागली... मग पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर थांबेचना. आणि पुढं एक पोरगा, सायकल हातात धरून, आभाळाकडं बघत उभा.

धडकले. कॅरिअरवरच्या कडक भाकऱ्यांचा पार चुरा झाला.

"डोळे हायत का न्हायत तुला?" मीच वरडले.

तो खाली बसून माझं चाक फिरवत हुता. बोटाला तेल लागलं तसा गालात हसला. "ब्रेकला तेल कोण लावतं गं?"

"करकर करत हुता."

"घासतं म्हणून तर थांबतं की. घर्षण. शाळेत शिकवलं न्हाय?"

"नववीतच सोडली शाळा. आता एकोणीस लागलं मला. तुझं काय जातंय?"

कान लाल झाले त्याचे. "सॉरी," म्हणला, आणि बाहीनं माझं चाक पुसायला लागला. शर्ट पांढरा हुता...

तो यशपाल. पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला. मी मायाक्का, शुक्रवार पेठेतनं भाकऱ्या घेऊन हॉटेलात द्यायला निघायची. रस्ता एकच, म्हणून रोज गाठ, रोज भांडण. समोरनं वारं सुटलं की तो पुढं व्हायचा. "मायाक्का, माझ्या मागं लाग. वारं मला अडवू दे, तुला हलकं जाईल." खरंच हलकं जायचं. मी कदी बोलून दावलं न्हाय.

मग त्याला माळशिरसकडं कारखान्यावर नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी पुलाजवळ भेटला. मी ठरवलंच हुतं — आज भांडायचं न्हाय.

"चांगलं झालं," म्हणले. "नीट जा. येळेवर जेवत जा."

तो बघतच राहिला. "आज जिभेला तेल लावून आलीस व्हय?"

"का?"

"असं गुळगुळीत बोललीस तर मी थांबायचा कसा..." हँडलच्या रबरावर नख घासत म्हणला, "एकदा तरी म्हण की — जाऊ नको."

लई राग आला. सकाळधरनं तेच तर गिळत हुते मी.

"जा की, गाढवा. पण रविवारी हितं दिसायचं. दर रविवारी. न्हाय आलास तर तितं येऊन धडकीन."

"ब्रेक न दाबता?"

"न दाबता."

"मग येतो," तो हळूच म्हणला. "तुझ्यासाठीच येतो..."

समोरनं वारं सुटलं. सवयीनं तो पुढं निघाला. मी जोरात पायडल मारलं, त्याच्या पुढं गेले.

"मागं लाग," म्हणले. "आज वारं मी घेते."