रीमचा पट्टा

धनंजय थापा मारणाऱ्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अंबरीश, तू हसतोयस ते मला या अंधारातही दिसतंय. हस बाबा. खाली जाताना जिन्यातला दिवा गेलेला आहे, तेव्हा बघू.

तर हा धनंजय सांगलीच्या जतकडचा. आमच्या कंपनीत दोन वर्षं होता, तिथली आमची ओळख. पुढे तो निझवाच्या अलीकडे एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, मझऱ्यावर, शेतावर, कामाला लागला. खजुराची झाडं, चार बकऱ्या आणि अर्बाबचा जीव की प्राण असलेली शिकारी कुत्री. सलूकी म्हणतात त्यांना. लांब पाय, निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं. सई, ग्रेहाऊंड पाहिलाय ना, साधारण तसंच. धनंजयच्या गावाकडे करवानी कुत्री असतात ती याच चणीची, आणि सशामागे पळायला कुत्रं तयार करायचं वेड त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. अर्बाबला हे कळलं मात्र, धनंजय खजुराच्या झाडावरून उतरला तो थेट कुत्र्यांच्या खोपटात.

त्याच्या हाती दिलं होतं एक चौदा महिन्यांचं पोर. अर्बाबने नाव ठेवलं होतं शाहीन. धनंजय म्हणायचा बाळ्या.

या पोराच्या अंगावर त्याने काय मेहनत घेतली! उन्हाळ्यात इथे सकाळी आठला डांबरावर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे सगळं काम पहाटे तीन ते पाच. पहिला महिना नुसतं रस्त्यावर चालवणं, तळवे टणक व्हावेत म्हणून. मग कोरड्या ओढ्यातली वाळू. पाय रुततात, मांड्या भरतात. मग मोटरसायकलच्या बाजूने दौड. परत आलं की तिळाच्या तेलाने अंग रगडायचं, सकाळी अंडं, रात्री भाकरी आणि मटणाचं पाणी. धनंजयचा आजा म्हणायचा, कुत्र्याच्या तीन फासळ्या दिसाव्यात, चौथी दिसू नये. बाळ्याच्या बरोब्बर तीन दिसायला लागल्या.

पण अंग झालं, मन होईना. मझऱ्यात अर्बाबने ससे पाळले होते. कुंपणाच्या आतल्या मोकळ्या मैदानात एक ससा सोडायचा आणि कुत्रं मागे घालायचं. बाळ्या वीस पावलं धावायचा, थांबायचा, आणि वळून धनंजयकडे बघत खाली बसायचा. नव्या नवरीसारखा लाजतोय म्हणून अर्बाब आधी हसला. तिसऱ्या वेळी हसला नाही. म्हणाला, पंधरा सप्टेंबरच्या शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. पळाला तर तुझ्याकडे राहील. नाहीतर खलास, डोंगरात बकऱ्या राखायला देऊन टाकतो.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? अरे, त्या कुत्र्याची कातडी कागदासारखी पातळ. डोंगरात साखळीला बांधून उन्हात टाकलं तर एक उन्हाळा काढणार नाही ते. धनंजयला अन्न गोड लागेना. घरी दोन मुली, त्यांना बघून तीन वर्षं झालेली, आणि इथे रात्री उशाशी येऊन झोपणारं हे एकच लेकरू.

आता कुत्रं तयार करणाऱ्यांची रीत ऐका. नवं कुत्रं एकट्याने शिकत नाही. त्याला मुरलेल्या कुत्र्याबरोबर जोडीला लावायचं. हातात एकच कातड्याची वादी धरायची, तिच्या टोकाला दोन फाटे, दोन पट्टे. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. जुनं कुत्रं ससा कसा वळवतं, दम कुठे राखतं, ते नवं बघून शिकतं.

मझऱ्यावर मुरलेली अशी एक होती. रीम. पांढरीशुभ्र, नऊ वर्षांची, फार शहाणी. धनंजयच्या हाताखाली चार वर्षं राहून मराठीत ऐकायला शिकलेली. आणि नेमकी तीच ऑगस्टच्या सुरुवातीला फुरसं चावून गेली. तिथला ड्रायव्हर हुसेन, बलुची माणूस, त्याने ओढ्याच्या काठी बोरीखाली खड्डा खणला. पट्टा काढून धनंजयच्या हातात दिला आणि म्हणाला, "ये भी साथ में डाल दो."

जतलाही तीच रीत. मेलेल्या कुत्र्याचा पट्टा त्याच्याबरोबर मातीत जातो. आणि जोडीच्या वादीला रिकामा पट्टा लावून तर कुणी अंगणातही फिरत नाही. हे धनंजयला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. त्याने तो पट्टा ठेवून घेतला. धुतलाही नाही. म्हटलं, रीमचा वास येईल, पोराला धीर येईल.

आणि धीर आला! पहिल्याच दिवशी. डावीकडे रिकामा पट्टा जमिनीवर घासत चाललाय, उजवीकडे बाळ्या, मान वर, पाय कसे मोजून टाकलेले. आठ दिवसांत पिंजऱ्यातला ससा दिसला की अंग थरथरायला लागलं त्याचं. फक्त एक होतं. कितीही रुंद वाट असू दे, बाळ्या डावीकडे सरकायचा नाही. एका कुत्र्याची जागा सोडून चालायचा.

धनंजय खूश होता. त्याने त्याचा विचार केला नाही.

तारीख मला पाठ आहे. दोन हजार तेवीसचा सप्टेंबर, चौदा तारीख, गुरुवार. पोळ्याची अमावास्या. गुरुवार संपून शुक्रवार लागलेला, पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. पाहुणे साडेसहाला यायचे होते. पळायच्या दिवशी कुत्र्याला जास्त दमवायचं नसतं. पोट मोकळं व्हावं, सांधे सुटावेत, म्हणून किलोमीटरभर जायचं आणि परत यायचं. एवढंच काम.

हुसेन बाहेर खाटेवर पडला होता. वादीला दोन्ही पट्टे बघून उठून बसला.

"धनंजय भाई, आज तो इसको छोड़ दो."

"आज तो चाहिएच चाहिए," धनंजय म्हणाला, आणि निघाला.

मझऱ्याचं फाटक, मग कच्चा रस्ता, मग ओढ्याच्या काठाने वाट. वारा नाही. चंद्र नाही. तळहाताला घाम येत होता म्हणून धनंजयने वादी मनगटाला गुंडाळली. एरवी तो असं कधी करत नसे. पट्ट्याची कडी दगडांवर वाजत होती. खळ्ळ... खळ्ळ... रोजचा आवाज. त्या आवाजावर तो पावलं टाकत होता.

बोरीच्या वळणावर आवाज थांबला.

त्याला वाटलं, पट्टा कुठे अडकला. पण अडकला असता तर हाताला मागे ओढ बसली असती. ओढ पुढे होती.

हलकी. सारखी. कुत्रं बरोबर चालताना असते तशी.

तो चालत राहिला. थांबायचा धीर झाला नाही त्याला. बाळ्याच्या नखांचा आवाज येत होता, टिक टिक, टिक टिक. मग त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. तसाच. डावीकडून.

टॉर्च खिशात होती, मोबाइलची. त्याने लावली नाही. मी त्याला विचारलं होतं, अरे, का नाही लावलीस? तर म्हणाला, "काका, आन् दिसलं असतं तर?"

...

पुढे झुडपात काहीतरी सळसळलं. सरडा असेल, काहीही असेल. दोन्ही बाजूंनी एकदम हिसका बसला. दोन्ही बाजूंनी, कळलं का? धनंजय तोंडावर आपटला. गुडघे फुटले. मनगटाला वेढे पडलेले, हात सुटेना. तो वाळूतून फरफटत चालला आणि ओरडला, जे रोज ओरडायचा तेच.

"बस! बस!"

बाळ्या बसला.

डावीकडची ओढही खाली गेली. हळूच. कुणीतरी शहाण्यासारखं बसल्यावर जाते तशी.

धनंजय पालथा पडून राहिला. श्वास घेईना. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीला काहीतरी लागलं. ओलं. गार. कुत्र्याचं नाक असतं तसं.

बाळ्या उजवीकडे होता.

आता काय करायचं? पळायचं तर हात बांधलेला. वेढे सोडावेत तर दोघंही एकदम सुटतील, आणि बाळ्या तिच्यामागे जाईल. कुठे जाईल? कुठवर? तो विचार आला आणि धनंजय रडायला लागला. मोठा माणूस, आवाज न करता रडला. एकच इलाज होता. डाव्या फाट्याची कडी हाताने सोडायची. कडी गळ्यापाशी असते.

त्याने अंधारात हात पुढे केला. वादी चाचपत... चाचपत...

केस लागले. मऊ. वाळूने भरलेले.

"रीम," तो म्हणाला. "पोरी... माझी चूक झाली. जा आता. जा."

कडी निघाली. पट्टा खाली पडायला हवा होता. पडला नाही. टिक टिक... टिक टिक... नखांचा आवाज ओढ्यात उतरला, लांब गेला, आणखी लांब. बाळ्या उसळला, केकाटला, तिच्यामागे जायला जिवाच्या आकांताने ओढू लागला. धनंजयने दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळली आणि डोळे मिटून घेतले. अजान होईपर्यंत ते दोघं तसेच.

पाचला हुसेन पिकअप घेऊन शोधत आला. धनंजयच्या मनगटाची कातडी सोललेली बघितली. वादीचा मोकळा फाटा बघितला. दोघांना उचलून गाडीत घातलं.

साडेसहाला पाहुणे आले. धनंजयने अर्बाबला हात जोडून सांगितलं, आज नको. अर्बाब म्हणाला, यल्ला, सोड.

ससा सुटला. बाळ्याही सुटला, एकटा. आणि असा पळाला की खुर्चीतली माणसं उभी राहिली. ससा उजवीकडे वळला की बाळ्या तिथे हजर. पण धनंजय दुसरंच बघत होता. ससा दोनदा डावीकडे निसटायला गेला, आणि दोन्ही वेळा मोकळ्या मैदानात, समोर काही नसताना, दचकून परत फिरला. दुसऱ्यांदा फिरला तो सरळ बाळ्याच्या तोंडात. बाळ्याने मान धरली ती एकदाच. सगळ्यांसमक्ष. सोडली नाही, पुन्हा धरली नाही.

टाळ्या झाल्या. अर्बाबने धनंजयची पाठ थोपटली. म्हणाला, हा कुत्रा तुझा.

बाळ्याने मात्र ससा धन्याकडे आणला नाही. मैदानाच्या मध्यावर ठेवला, चार पावलं मागे सरकला आणि शेपूट पोटाशी घेऊन बसून राहिला.

धनंजय स्वतः गेला. ससा उचलला. मानेच्या उजव्या अंगाला बाळ्याचे दात होते. त्याने ससा उलटा केला.

डाव्या मांडीवर दुसरा चावा होता. खोल. त्यावरची लाळ अजून ओली होती.