आबांचा आवाज कुठे गेला?

यंत्र टेबलावरच होते. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, स्पीकर शाबूत होता, वीज होती, आणि ते चालवणारा प्रोग्राम शर्वरीने स्वतः लिहिलेला होता. तरीही आबांनी कळफलकावर ‘चहा झाला का?’ असे टंकून बटण दाबले, तेव्हा यंत्रातून आबांचा आवाज आला नाही. एक अनोळखी, अतिशय नम्र बाई म्हणाली, “क्षमस्व. ही सेवा आता आपल्यासाठी उपलब्ध नाही.”

आई स्वयंपाकघरातून डोकावली. “कोण आलंय गं?”

कोणीच आले नव्हते. आबांनी पुन्हा बटण दाबले. बाईंनी पुन्हा क्षमा मागितली. काही बिघडले नव्हते, काही चोरीला गेले नव्हते. मग काल संध्याकाळपर्यंत याच पेटीतून दूधवाल्याशी हुज्जत घालणारा आबांचा आवाज गेला कुठे?

आबा, म्हणजे डॉ. भालचंद्र कारखानीस, हे शर्वरीच्या आईचे वडील. ध्वनिशास्त्र (आवाज कसा निर्माण होतो आणि कसा पसरतो याचा अभ्यास) हा त्यांचा विषय. तंबोऱ्याच्या तारेतून इतके स्वर एकदम कसे निघतात, हे शोधायला म्हणून ते मिरजेत आले आणि इथलेच झाले. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता.

पण तोवर विज्ञान बरेच पुढे गेले होते. आवाज जाण्याआधी माणसाने भरपूर वाचून दाखवले, तर संगणक त्यावरून त्याच्या आवाजाचा नमुना (त्याच्या बोलण्याची सगळी लकब साठवलेली फाइल) तयार करी. मग कोणतेही टंकलेले वाक्य त्याच आवाजात ऐकता येई.

“आबांचं यंत्र मीच करणार,” बारा वर्षांच्या शर्वरीने जाहीर केले. घरच्या संगणकावर ओपन सोर्स प्रणाली होती, म्हणजे जिची मूळ रचना कोणीही वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी अशी. प्रश्न होता तो अवजारांचा.

तिची मैत्रीण, तंबोरे घडवणाऱ्यांच्या घरातली नाझनीन सतारमेकर, सुटी अवजारे वापरी. सूचना लिहायला एक साधा एडिटर (फक्त मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम). त्या यंत्राच्या भाषेत उतरवायला वेगळा कंपायलर (माणसाच्या सूचनांचे यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्राम). आणि चुकले कुठे, हे हुडकायला वेगळा डीबगर (प्रोग्राम एकेक पाऊल चालवून दोष दाखवणारा प्रोग्राम). सगळे काळ्या पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत.

“काय तुझी ही अडगळीची खोली!” शर्वरी चिडवी.

“अडगळ असू दे. अंधारातसुद्धा कुठली वस्तू कुठे आहे ते मला ठाऊक असतं,” नाझनीन म्हणे. “तुला बाई मॉलच पाहिजे.”

शर्वरीला हवी होती ‘झुळूक’. ती एका मोठ्या कंपनीची आयडीई होती (एडिटर, कंपायलर, डीबगर हे सारे एकाच छपराखाली आणणारी जागा). दोन अक्षरे टंकली की उरलेली ओळ ती स्वतःच पूर्ण करी. तिने पूर्ण केलेल्या ओळी शर्वरीला नेहमीच समजत असे नाही, पण त्या चालत.

त्या दिवसांत आबांना बोलायला बंदी होती. उरलेला आवाज ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवायचा होता, म्हणून ते पाटीवर लिहीत. अक्षर सावकाश उमटे. घरात कोणाला तेवढा धीर नव्हता. ‘पा’ लिहिले की आई “पाणी ना?” म्हणून उठे. एकदा त्यांनी ‘खिड’ एवढेच लिहिले आणि शर्वरीने धावत जाऊन खिडकी लावली. त्यांना खरे तर ती पुरती उघडायला हवी होती. आबा हसले आणि दुपारभर घामाघूम होऊन बसले.

“आबा, झुळूकच घेऊ या ना? आपल्या प्रणालीवर चालते, आणि फुकट आहे!”

आबांनी लिहिले, ‘फुकट आहे, पण’

“पण शिकायला वेळ लागेल! नाही हो लागणार, आबा. ती स्वतःच शिकवते.” शर्वरीने पाटी हातात घेतली आणि फडक्याने पुसून टाकली.

आबांच्या बोटांत पेन्सिल तशीच राहिली. शस्त्रक्रिया तोंडावर आली होती. त्यांनी नातीच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

ध्वनिमुद्रण थेट झुळूकमध्ये झाले. ‘आवाज आमच्याकडे सुरक्षित राहील. तुमच्या संगणकावर प्रत ठेवण्याची गरज नाही,’ असे पडद्यावर आले, आणि शर्वरीने ‘मान्य’वर बोट टेकवले. आबांनी वर्तमानपत्र वाचले, पाढे म्हटले. अगदी शेवटी त्यांनी आईला लहानपणी मारायचे तशी हाक मारली, “नेत्रेऽ!” आई दारातच उभी होती. ती हसली आणि लगेच आत निघून गेली.

शस्त्रक्रियेनंतर सगळा हिवाळा यंत्र बोलत राहिले. आणि आज सकाळी ही नम्र बाई आली होती.

नाझनीन दप्तरासह धावत आली. तिने शर्वरीचा प्रोग्राम आपल्या साध्या एडिटरमध्ये उघडला, तर पडदा अगम्य चिन्हांनी भरून गेला. झुळूक आपल्या फाइली स्वतःच्या खास स्वरूपात ठेवी. दुसऱ्या कुठल्याही अवजाराला त्या वाचता येत नव्हत्या. चिन्हांच्या त्या गर्दीत एकच ओळ सरळ होती. नाझनीनने त्यावर बोट ठेवले.

“शर्वरी, इथे आवाज नाहीच आहे. हा नुसता आवाजाचा पत्ता आहे.”

आवाज होता कंपनीच्या दूरच्या संगणकावर. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि नव्या मालकांना घरगुती वापरात रस नव्हता. आई दिवसभर फोन लावत राहिली. पलीकडे तीच नम्र बाई होती. शेवटी एक खरा माणूस भेटला. त्याने सांगितले, घरगुती नमुने पुसून टाकले आहेत, ‘मान्य’ दाबताना आपण तशी संमती दिली आहे. त्याने आवाज चढवला नाही की खोटेही बोलला नाही. त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येईना.

शर्वरी भिंतीकडे तोंड करून बसली. “म्हण ना एकदाचं, मी सांगितलं होतं म्हणून!”

“म्हटलं असतं,” नाझनीन म्हणाली. “पण हे मला तरी कुठे कळलं होतं? मला आपला तो काळा पडदा आवडतो, एवढंच.”

पाटीवर पेन्सिल वाजली. आबांनी ‘तार’ लिहिले होते. शर्वरीने तोंड उघडले, आणि मिटले. वाक्य हळूहळू पुरे झाले: ‘तार तुटली म्हणून तंबोरा फेकतात का?’

“माझ्या अब्बांसमोर फेकून तर दाखवा!” नाझनीन म्हणाली.

मग आबांनी त्यांना एक प्रयोग दिला. एकेक तुकडा काढून पाहायचा; बाकीचे उभे राहते की कोसळते? दोघींनी एका एडिटरमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आणि दुसऱ्यात उघडून पाहिला. उघडला. कंपायलर बदलला. तरी चालला. इंटरनेट तोडले. तरी चालला. याचे कारण आबांनी पाटीवर लिहून समजावले. प्रोग्राम साध्या मजकुरात होता, आणि मजकुराचे ते स्वरूप कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. म्हणून अवजारे येवोत-जावोत, काम आपल्याजवळच राहत होते.

“म्हणजे आयडीई वाईटच?” शर्वरीने विचारले.

आबांनी नकारार्थी मान हलवली. खुल्या आयडीईही होत्या, आणि त्या सोयीच्या होत्या. फाइली साध्या राहत असतील, तर छप्पर खुशाल घ्यावे. शिवाय खुले म्हणजे चांगलेच, असेही नव्हते. आवाज घडवणारा एक देखणा ओपन सोर्स संच शर्वरीला सापडला. आबांनी तिला त्याच्या दुरुस्त्यांच्या तारखा पाहायला लावल्या. कित्येक वर्षांत कोणी तिकडे फिरकले नव्हते, लोकांच्या तक्रारी उत्तरावाचून पडून होत्या. दुसरा संच दिसायला ओबडधोबड होता, पण त्याची माहिती नीट लिहिलेली होती आणि प्रश्न विचारला की कोणीतरी उत्तर देत होते. त्यांनी तो घेतला. या वेळी प्रत्येक ओळ शर्वरीने समजून घेतली, मगच लिहिली.

यंत्र पुन्हा बोलू लागले. आवाज मात्र आबांचा नव्हता. कोणा अनोळखी गृहस्थांनी सर्वांसाठी देऊन ठेवलेला तो एक सपाट आवाज होता. त्याला ‘ळ’सुद्धा धड म्हणता येत नसे.

“नेत्रा. चहा झाला का,” यंत्र म्हणाले.

“हो आबा, आणते,” आई म्हणाली. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. चहा उतू गेल्याचा वास घरभर पसरला. ‘नेत्रेऽ’ ही हाक आता जगातल्या कुठल्याच संगणकावर नव्हती, आणि कोणतेही अवजार ती परत आणू शकत नव्हते.

शर्वरी आबांच्या शेजारी बसली. “आबा, तुम्ही त्या दिवशी ‘पण’ लिहिलं होतं. त्याच्यापुढे काय होतं?”

आबा टंकू लागले. नव्या प्रोग्राममध्ये वाक्य आपोआप पूर्ण करण्याची सोय होती. शर्वरीने ती आबांना विचारून बंद ठेवली होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बऱ्याच वेळाने तो सपाट आवाज म्हणाला, “फुकट आहे, पण उद्या त्यांनी दार लावलं, तर आपल्या हातात काय उरेल?”

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

दोघींनी तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. पावसाळ्यापूर्वी चंद्रपूरच्या कोणा अनोळखी मुलीने त्यातला ‘ळ’ दुरुस्त करून पाठवला. आबा दिवसभर यंत्रातून ‘बाळ, काळ, केळं’ म्हणत बसले होते.

त्यानंतर तासगावच्या एक शिक्षिका आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचेही स्वरयंत्र काढायचे होते. शर्वरीने त्यांचे वाचन घरच्याच संगणकावर नोंदवले, आणि नमुना करायला घेण्याआधी सगळ्या नोंदींची एक प्रत चिपमध्ये भरून ती त्यांच्या तळहातावर ठेवली. “ही तुमची. कुठल्याही संगणकावर उघडेल.”

बाईंनी चिप मुठीत घट्ट धरली. मग आबांची पाटी ओढून त्यांनी ‘मला’ एवढेच लिहिले आणि त्या थांबल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “पाणी हवं असेल त्यांना.”

“थांब ना, आई,” शर्वरी म्हणाली. “त्या लिहितायत.”